अकरा तोंडांचं काम

दुकानावरच्या दिव्याच्या पाटीला पुढून जी दुधी शीट बसवलेली असते, तिला त्या कारखान्यात सगळे ‘तोंड’ म्हणत. मागे पत्र्याची पेटी, पेटीत दिवे आणि पुढे तोंड. तोंडावर रंगीत व्हिनाइलची अक्षरं चिकटवलेली. त्यामुळे तिथलं बोलणं नवख्या माणसाने ऐकलं, तर त्याला वाटावं, इथे सकाळपासून कुणाचं तरी कुणाशी बिनसलंय. “त्या दवाखान्याचं तोंड पार पिवळं पडलंय.” “बेकरीवाल्याचं तोंड आधी धुऊन घ्या, मग बघू.” जावई पहिल्या दिवशी कामावर आला, तेव्हा सासूबाई आतून ओरडत होत्या, “तोंड धरून उभे राहू नका, भिंतीला टेकवा!” आणि हा बिचारा दारातच भिंतीला टेकून उभा राहिला. कारखान्यात कुणीही पाहुणा आला, की चहाबरोबर ही गोष्ट त्याला मिळायचीच.

जावई तसा हुशार माणूस. बारा वर्षं एका मोठ्या कंपनीत तो खर्चाचे तक्ते करत होता. एका खोक्याला चिकटपट्टी किती लागते, ती लावायला माणसाला किती सेकंद लागतात, कुठे काय वाचवता येईल. त्याचे तक्ते इतके चोख, की एक दिवस कंपनीने ते नीट वाचले आणि त्याचाच विभाग बंद केला. मग तो घरी बसला, आणि दुसऱ्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावू लागला. तेव्हा बायको म्हणाली, “हे बघ, नवी नोकरी लागेपर्यंत आमच्या कारखान्यात ये. तिथे मोजायला पुष्कळ आहे. माझी साखर सोड.”

कारखाना सासूबाईंचा. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती, पण ते होते तेव्हाही ते गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे आणि काम बाई करायच्या. ठेंगणा बांधा, दोरीला अडकवलेला चष्मा, एप्रनच्या खिशात पातं, आणि उजव्या अंगठ्याचं नख असं कडक, की त्याने स्क्रू फिरवावा. चौतीस वर्षं त्या जुनी तोंडं धूत आल्या होत्या. म्हणजे जुनी अक्षरं सोलायची, खालचा गोंद काढायचा आणि शीट नव्या अक्षरांसाठी कोरी करायची. बायको संगणकावर अक्षरं आखायची. आणि पाट्या चढवायला-उतरवायला लंबूकाका. सव्वासहा फूट उंची, तरी शिडी लागायचीच, याचं त्यांना स्वतःलाच हसू यायचं.

तर त्या महिन्यात चपलांची अकरा दुकानं असलेले एक शेठ कारखान्यात आले. त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं होतं, की पाट्यांवरची अक्षरं आजोबांच्या काळातली वाटतात.

“जुन्या शीटा धुऊन त्यावर नवी अक्षरं लावा, नाहीतर शीटाच नव्या घाला,” शेठ म्हणाले. “मला काय! स्वस्त आणि टिकाऊ, एवढंच.”

“दोन्ही एकदम?” बायकोने विचारलं.

“मी गिऱ्हाइकांना दोन्ही एकदमच देतो.”

“तुमच्याकडच्या माझ्या सँडलचा पट्टा तिसऱ्या आठवड्यात तुटला, शेठ.”

“पण तीन आठवडे दिसत होते ना छान?” शेठ जरासुद्धा न लाजता म्हणाले, आणि चार दिवसांत भाव कळवा असं सांगून गेले.

जावई कधीपासून अशाच कामाची वाट बघत होता. त्याने जुन्या कामांच्या वह्या काढल्या. शीट किती, व्हिनाइल किती, रॉकेल, साबण, टेम्पो, लंबूकाकांची मजुरी, सगळं बायकोच्या सुंदर अक्षरात. तो पुन्हा पहिल्या पानापासून चाळू लागला. मग तिसऱ्यांदा.

“आई, तुमची मजुरी कुठे लिहिता?”

“माझी कसली मजुरी?” सासूबाई पातं पुसत म्हणाल्या.

“तोंडं तुम्हीच धुता ना?”

“मग? घरी भांडीही मीच घासते. तीही लिहायची का, जावईबापू?”

“खरं तर लिहायला...” एवढं म्हणेपर्यंत टेबलाखालून बायकोचा पाय लागला आणि तो गप्प झाला.

पण डोक्यातला किडा काही जाईना. या कारखान्यात धुणं नेहमी स्वस्त का पडतं आणि नवी शीट नेहमी महाग का, ते त्याला एका फटक्यात कळलं होतं. धुणाऱ्या हातांना चौतीस वर्षांत कुणी दामच लावला नव्हता! त्याने विचारलं, “एक तोंड धुवायला किती वेळ लागतो?” सासूबाई म्हणाल्या, “होईपर्यंत.” तेव्हा दुसऱ्या दिवशी तो घड्याळ घेऊन त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसला.

शेठकडून नमुन्याला म्हणून एक तोंड उतरवून आणलं होतं. सासूबाईंनी ते टेबलावर आडवं घेतलं. हीट गनने पहिलं अक्षर कोमट केलं, नखाने त्याचा कोपरा उचलला, आणि चिमटीत धरून सावकाश, अगदी झोपलेल्या पोराच्या अंगावरून पांघरूण काढावं तसं ओढलं. अख्खं अक्षर एका तुकड्यात हातात आलं.

“घाई केली की फाटतं,” त्या म्हणाल्या. “मग निम्मा गोंद शीटलाच राहतो आणि निस्तरत बसावं लागतं. घाम आला तर तोही लिहिताय का?”

“नाही, आई.”

“लिहा की. आज चांगला आलाय.”

मग रॉकेलचा बोळा, मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग सुती फडकं. चार तास वीस मिनिटं. जावयाने आकडा टिपला. पण तेवढ्या वेळात त्याला आणखी एक गोष्ट दिसली होती. सासूबाईंनी तीनदा पातं उजव्या हातातून डाव्यात घेतलं होतं. मधे चहा आला, तेव्हा कपही डाव्याच हातात. उजवा मांडीवर उताणा पडलेला, आपला नसल्यासारखा. त्याने ते कुठे लिहिलं नाही. आणि बोललाही नाही, कारण बोलला असता तर त्या हाताने लगेच काहीतरी जड उचलून दाखवलं गेलं असतं.

त्याने तक्ता केला. सासूबाईंना लंबूकाकांइतकीच मजुरी धरली. नवी शीट महाग खरी, पण ती यंत्रावर अर्ध्या तासात कापून मिळते. बेरीज झाली, तेव्हा धुतलेलं तोंड नव्याहून महाग निघालं. दुपारच्या चहाला त्याने जाहीर केलं, “अकराही तोंडं नवी घालायची.”

सासूबाईंनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. मग म्हणाल्या, “म्हणजे मी इतकी वर्षं तोट्यातलं काम केलं.”

“तसं नाही हो, आई. उलट...”

“तक्त्यात तसंच आहे. मला वाचता येतं.” आणि त्या उठून नळावर गेल्या, जिथे त्या वेळी धुवायला काहीसुद्धा नव्हतं.

बायकोने नवऱ्याकडे असं बघितलं, की त्याला आपल्या जुन्या कंपनीची आठवण आली. शेवटी लंबूकाका खाकरले. “मी काय म्हणतो, वर चढून ती अकरा तोंडं कुणी पाहिलीत का? खालून सगळी सारखीच दिसतात. वर गेलं, की एकेकाची तऱ्हा कळते.”

मग दोन दिवस टेम्पोच्या पुढच्या बाकावर तिघं दाटीवाटीने बसून दुकानं हिंडले. मधे जावई. एका बाजूला लंबूकाकांचे गुडघे, दुसऱ्या बाजूला न बोलणाऱ्या सासूबाई. प्रत्येक दुकानापाशी काका शिडी लावायचे, सासूबाई चार पायऱ्या चढून शीटवर बोटाच्या पेराने ठोकायच्या. काही शीटा ठणठणीत वाजल्या. काही मात्र पुठ्ठ्यासारख्या बद्द वाजल्या. मग त्या कोपऱ्यातलं एक अक्षर नखाने उचलून बघायच्या. सावलीतल्या दुकानांवरची अक्षरं सुटत होती. जिथे दिवसभर ऊन यायचं, तिथली मात्र नखाएवढ्या ठिकऱ्या होऊन गळत होती.

“हे एक तोंड सोलायला दोन दिवस,” चौथ्या दुकानापाशी त्या म्हणाल्या. दोन दिवसांतलं ते पहिलं सरळ वाक्य. “आणि सोलून उपयोग काय? शीट वाळून गेलीय. उद्या एक खडा लागला, की उभी चिरेल. हे नवंच घाला.”

जावई चकित झाला. “म्हणजे तुम्ही नवीला नाही म्हणत नाही?”

“मी कधी म्हटलं? मी म्हणते, बघून ठरवा. तुम्ही एका पायाचं माप घेतलंत आणि अकरा जणांचे जोडे शिवलेत, जावईबापू.”

लंबूकाका शिडीवर इतके हसले, की खालून दोघांनी शिडी धरली.

हिशेब असा बसला, की चार उन्हातली, ती नवी. सात सावलीतली, त्यांच्या शीटा जुन्या, जाड, आज तशी जाडी घ्यायची म्हटली तर दीडपट पैसे पडतील अशा. त्या धुवायच्या. त्यात सासूबाईंची मजुरी धरूनही धुणं नव्या शीटेच्या बरोबरीने येत होतं. जावयाने मान्य केलं, पण मजुरीची ओळ तक्त्यातून काढायला तो काही तयार होईना.

“राहू द्या तुमची ओळ,” सासूबाई म्हणाल्या. “चार तास वीस ना? मी दाखवते किती लागतात ते.”

आता खरं तर इथेच कुणीतरी दोघांना थांबवायला हवं होतं. पण बायको अक्षरं आखण्यात गुंतली होती आणि लंबूकाकांना असल्या गोष्टी बघायला आवडायच्या. त्या आठवड्यात सासू-जावई एकमेकांशी बायकोमार्फत बोलत. “आईला विचार, साबण संपलाय का.” “त्यांना सांग, संपला की मी आणते.” दोघंही एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभे. दुसरं तोंड तीन तास चाळीस मिनिटांत झालं. तिसरं सव्वातीन तासांत. शेवटचं पावणेतीन! जावयाने आकडे टिपले आणि त्याला आपल्याच तक्त्याची जरा लाज वाटली.

मात्र आपणही कमी पडायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. नव्या शीटा आणून कारखान्यात घासून मापात बसवायला वेळ जातो. तो वेळ वाचवायचा, म्हणून त्याने चारही पेट्यांची मापं जाऊन घेतली, मिलिमीटरपर्यंत, आणि शीटा त्याच मापाच्या यंत्रावरच कापून मागवल्या. आल्या त्या थेट चौकटीत बसल्या. इतक्या घट्ट, की फट म्हणून दिसेना. लंबूकाका म्हणाले, “घट्ट बसतंय हं.” जावयाला ते कौतुक वाटलं.

सगळ्या पाट्या लागल्यावर संध्याकाळी दिवे लावून शेठ प्रत्येक दुकान बघत फिरले. कोपऱ्यावरच्या दुकानाखाली ते थांबले आणि त्यांनी सासूबाईंना पुढे बोलावलं. “हे धुतलेल्यांपैकी ना? बघा, बघा! दुधासारखं आहे. नवं याच्यापुढे फिकं पडेल. याला म्हणतात हात!” सासूबाई त्या वेळी पिशवीत काहीतरी शोधत होत्या. बराच वेळ शोधत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी शेठचा फोन आला. जावयाने उचलला.

“अहो, तुमची तोंडं फुगलीत!”

“नाही हो, शेठ,” जावई घाईघाईने म्हणाला, “आमचं आता ठीक आहे, आम्ही परवापासून बोलतोय एकमेकांशी.”

“तुमची नव्हे, माझी! माझ्या दुकानांची!”

टेम्पो काढून सगळे धावले. उन्हातल्या पहिल्याच दुकानावरचं नवं कोरं तोंड रुसलेल्या पोराच्या गालासारखं पुढे आलं होतं. पुढच्या दुकानावरचं तर खालच्या खाचेतून निसटून वरच्या काठाला लोंबत होतं, आणि आतल्या मुलीने चपलांचा स्टँड ओढून बाजूला घेतला होता. रस्त्यावर चार माणसं मान वर करून उभी. सासूबाई टेम्पोतून उतरल्या, वर बघितलं, एकदा जावयाकडे बघितलं, आणि त्यांना असं हसू फुटलं की दुकानात जाऊन, चपला घालून बघायच्या बाकड्यावर त्यांना बसावं लागलं.

“जागा किती सोडली होतीत?” डोळे पुसत त्यांनी विचारलं.

“कसली जागा?”

“शीट उन्हात वाढते, जावईबापू. चहूकडून अर्धं बोट ढिली ठेवावी लागते.”

जावयाचा आवाज बारीक झाला. “मी बरोबर मापात कापली. मिलिमीटरमध्ये.”

“जेवायच्या आधी पट्टा शेवटच्या भोकात आवळला तर जेवल्यावर काय होतं?” असं म्हणताना त्यांची नजर नेमकी त्याच्या पट्ट्यावर गेली. बाहेर काकांची शिडी हलायला लागली, म्हणजे त्यांनाही ऐकू गेलं होतं.

“आई, मला आधी सांगायचं नाही का?”

“तुम्ही विचारलंत कुठे?” त्या म्हणाल्या. मग बाकड्यावरून उठत, “सांगायला हवं होतं मी. रुसले होते ना तेव्हा.”

चारही तोंडं उतरली. पुढचे दोन दिवस जावई ती स्वतः घासत होता. कानस धरून, काठ एकेक वीत सरळ करत. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आला, दुसऱ्या दिवशी तो फुटला. सासूबाई शेजारी स्टूलवर बसून सांगत होत्या, “जोर खांद्यातून. मनगट मोडू नका. अहो, कानस आहे ती, तिला रागावू नका.” बायको येता-जाता विचारायची, “याची मजुरी कुठे लिहिताय?” संध्याकाळी त्याने ती लिहिली. लिहिल्यावर चारही नवी तोंडं धुतलेल्यांहून महाग पडली. त्याने ते खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला काठाला लावायला एक लांब सरळ फळी हवी होती. सासूबाई नळावर होत्या. तो प्लायवुडच्या मागे शोधायला गेला, तर तिथे जुन्या चादरीत गुंडाळलेली एक शीट भिंतीशी उभी. चादर काढली आणि शीट खिडकीकडे धरली. सबंध शीटभर बारीक बारीक भेगा, हजारो, हिवाळ्यातल्या टाचेसारख्या. नाकाशी थिनरचा वास आला. मागच्या बाजूला कोपऱ्यात सासूबाईंच्या अक्षरात पेन्सिलने आकडा: सात.

तो तिथेच जमिनीवर बसला. थिनरने गोंद झटकन सुटतो. रॉकेलला तास लागतो तिथे पंधरा मिनिटं. पण थिनर या शीटला चालत नाही, हे त्यालाही आता ठाऊक होतं, सासूबाईंनीच सांगितलं होतं. मग सातवं तोंड म्हणून वर लागलं ते कुठलं? त्याला कोपऱ्यावरचं दुकान आठवलं, दुधासारखं तोंड आठवलं, शेठचं ‘याला म्हणतात हात’ आठवलं, पिशवीत काहीतरी शोधणाऱ्या सासूबाई आठवल्या. त्याला हसू आलं. आवाज होऊ नये म्हणून त्याने तोंडावर चादर धरली. आणि मग मधेच त्याचं हसू गेलं. चौतीस वर्षं ज्या बाईने थिनरची बाटली शीटजवळ येऊ दिली नव्हती, तिने ती उचलली, कारण समोर कुणीतरी घड्याळ घेऊन बसला होता.

त्याने शीट होती तशी गुंडाळून ठेवली. चहाला सगळे बसले. जावयाने बिस्किट चहात बुडवलं आणि अगदी सहज विचारलं, “आई, ते कोपऱ्यावरचं तोंड कुठल्या साबणाने धुतलंत?”

सासूबाईंचा कप बशीवर वाजला. लंबूकाका एकदम छपराकडे बघू लागले. नवी शीट आणून देणारे तेच होते, हे त्यावरून कळलं.

“प्लायच्या मागे गेला होतात?”

“फळी शोधत होतो.”

बायको म्हणाली, “काय चाललंय तुमचं?” मग सासूबाईंनीच सांगितलं, चष्मा काढून, दोरीशी खेळत. शेवटचं तोंड. हात भरून आला होता. वाटलं, जरासं थिनर, पटकन पुसून टाकू. पुसलं तेव्हा छान होतं. तासाभराने बघते तर सगळं तडकलेलं. आपल्या पर्समधले पैसे काढून नवी शीट मागवली, कापली, अर्धं बोट जागा सोडली, आणि धुतलेल्यांत उभी केली.

“लाज वाटली हो,” त्या म्हणाल्या. “या वयात शिकाऊ बाईसारखी चूक. तुम्हाला काय दाखवणार होते?”

“मी वेळ मोजला तो तुम्हाला पळवायला नव्हता, आई.” जावई फोड आलेल्या हाताकडे बघत म्हणाला. “तुमचा हात दुखतो ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं. वाटलं, नवी शीट स्वस्त पडली तर तुम्हाला सोलावं लागणार नाही. म्हणून ती ओळ घातली.”

“मग तसं बोलायचं.”

“बोललो असतो तर तुम्ही टेबल उचलून दाखवलं असतं.”

“दाखवलं असतं,” बायको आणि लंबूकाका एकदमच म्हणाले.

सासूबाई हसल्या, आणि मग हसता हसता उजवा हात टेबलावर ठेवून म्हणाल्या, “सकाळी मूठ वळत नाही. वर्ष झालं.” बायकोचा चेहरा उतरला, रोज शेजारी बसून तिला हे माहीत नव्हतं. तिने आईचा हात ओढून घेतला आणि कितीतरी वेळ अंगठा चोळत राहिली. आई “पुरे ग, पुरे” म्हणत राहिल्या, पण हात काही काढून घेतला नाही.

त्या संध्याकाळी कारखान्याची व्यवस्था ठरली. कुठलं तोंड धुवायचं आणि कुठलं टाकायचं, हे सासूबाई ठरवणार, आणि त्या बघण्याचीही मजुरी लागणार. सोलण्याचं काम जावई शिकणार. सासूबाईंनी त्याचं नख तपासलं आणि निराशेने मान हलवली. “तक्ते करून करून पार कापसासारखं झालंय. महिनाभर व्हिनाइल सोलू दे, मग बघू.”

पैसे द्यायला शेठ स्वतः आले. सासूबाईंनी त्यांना समोर बसवून खरं ते सांगितलं. कोपऱ्यावरचं तोंड धुतलेलं नव्हतंच, ते नवं आहे. जुनं आपल्या हातून खराब झालं. भाव धुण्याचाच लावलाय, पण तुम्ही उगीच कौतुक केलंत, ते मागे घ्या.

शेठने हात जोडले. “आई, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत. इतकं सुंदर काम करायचं आणि श्रेय घ्यायचं नाही!”

“अहो, खरंच नवं आहे ते.”

“समजलं, समजलं,” शेठ डोळे मिचकावत म्हणाले. त्यांना काही केल्या पटेना. ते गेले ते दुसऱ्या दोन दुकानदारांना तिथला पत्ता देऊनच, आणि दोघांनीही आल्या आल्या तेच सांगितलं, की आम्हाला कोपऱ्यावरच्यासारखं धुऊन हवं. जावयाने त्यांना शीटा ठोकून बघू, मग सांगू, असं उत्तर दिलं. सासूबाई आतून ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत, म्हणजे उत्तर बरोबर होतं.

महिनाअखेरीला जावयाने सासूबाईंच्या हातात मजुरीचं पहिलं पाकीट ठेवलं. त्यांनी ते उघडून पाहिलं, मिटलं, एप्रनच्या खिशात घातलं, आणि म्हणाल्या, “शनिवारी मी येणार नाही. बहिणीकडे जाते दोन दिवस.” असं त्या आजवर कधी म्हणाल्या नव्हत्या. बायकोने विचारलं, “बरं नाही का तुला?” त्या म्हणाल्या, “बरं आहे म्हणूनच जातेय.”

शनिवारी सकाळी नऊला त्यांचा फोन आला, रॉकेलचा डबा उन्हातून आत घेतलात का. साडेदहाला आला, औषधवाल्याचं तोंड आडवं ठेवलंय की उभं. बाराला आला, जेवलात का. पण तो केवळ बहाणा होता, कारण पुढचा प्रश्न हीट गनच्या वायरीबद्दल होता. जावई दर वेळी कानाला खांदा लावून बोलत होता, दोन्ही हातांत अर्धवट सोललेलं अक्षर. तिन्ही वेळा ते फाटलं.

दुपारी मात्र फोन वाजला नाही. तीन वाजले, साडेतीन वाजले. लंबूकाका म्हणाले, “किती शांत वाटतंय.” त्यांना ते आवडलेलं दिसत नव्हतं. जावयाने आणखी एक अक्षर कोमट केलं, कोपरा उचलला, सावकाश ओढलं. अख्खं आलं. त्याने ते उजेडात धरून बघितलं, इकडेतिकडे बघितलं, मग हात पुसले आणि स्वतःच फोन लावला.

“काय झालं?” पलीकडून सासूबाई. “काही बिघडलं का?”

“नाही, आई.”

“अडलंय काही?”

“नाही. सहजच केला.”

पलीकडे मागे कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं, भांडी वाजत होती. “मग ठेवा,” सासूबाई म्हणाल्या. “आम्ही दोघी बहिणी पत्ते खेळतोय, आणि मी जिंकतेय.”